भाऊ "मी नसलो तरी चालेल" म्हणतोय: आज रात्री काय, उद्या कुठे

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ गावी शेती बघतो, महिनाभर त्याला धड झोप नाही, बोलणं तुटलंय आणि परवा तो भावजयीला म्हणाला, "मी नसलो तरी चालेल." तुम्ही पुण्यात, आणि घरच्यांना वाटतंय की बाहेरचं काहीतरी आहे. चांगला डॉक्टर कुठे मिळेल, हे तुम्ही विचारलंय. डॉक्टर उद्या मिळेल. आधी आजची रात्र बघू.

आत्ताच फोन करा आणि आडवळण न घेता विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. "हो" म्हणाला तर कसं, कधी, काही आणून ठेवलंय का, हेही विचारा. ठरवलेलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. रात्री पाणी द्यायला शेतात पाठवायचं नाही, अंघोळीला गेला तरी आतून कडी नको. "पोरांकडे बघून तरी नीट वाग" असं कोणी म्हणू नये. आपण घराला ओझं झालोय असं त्याला आधीच वाटतंय, त्यात ही भर पडते.

दुसरं काम फवारणीच्या औषधांचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. उरलेल्या अर्ध्या बाटल्या गोठ्यात, मोटारीच्या खोलीत, माळ्यावर पडलेल्या असतात. त्या सगळ्या शोधून पेटीत घाला, कुलूप लावा आणि पेटी चुलत्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी हलवा. घरातल्या गोळ्याही तिकडेच. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतात.

तरीही काही पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगी येत असेल तर उलटी फुप्फुसात जाते. औषध सांडलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा (तुमच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून), कुशीवर झोपवा, १०८ लावा. गाडीला वेळ लागणार असेल तर गावातली गाडी काढा. बाटली लेबलसकट बरोबर न्या, कारण उपचार औषधाच्या नावावर ठरतो. पोलीस केसच्या भीतीने "चुकून प्यायला" सांगू नका. दवाखाना पोलिसांना कळवतो, ती नेहमीची पद्धत आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि नव्या न्याय संहितेत जीव द्यायच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही.

बोलायला माणूस हवा असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. तो बोलायला तयार नसेल तर तुम्ही किंवा भावजयीने लावावा. घरच्यांनाही काय करायचं ते सांगतात. जीवावर बेतलंय असं दिसलं तर मात्र या फोनची वाट न बघता ११२ किंवा १०८.

आता डॉक्टर. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार ओपीडी चालते. तालुक्याला ठरावीक दिवशीच पथक येतं, म्हणून आधी फोन करून वार विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो आणि माणूस पुन्हा यायला तयार होत नाही. केसपेपर काढताना "मनोविकार विभाग" असं स्पष्ट सांगा. नुसतं "झोप येत नाही" म्हटलं तर जनरलला बसवतात. एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती तास, जेवण, दारू, आधी असा प्रयत्न, घरात कोणाला असा आजार, चालू गोळ्या. डॉक्टरांना पाच मिनिटं मिळाली तरी त्या कागदाने काम होतं. रात्री प्रकृती बिघडली तर मनोविकारतज्ज्ञ नाही म्हणून परत फिरू नका. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत.

खाजगीत जाणार असाल तर फरक लक्षात ठेवा: गोळ्या मनोविकारतज्ज्ञच लिहितो, समुपदेशक नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं बघता पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाचीच घ्या.

बिघडतं ते बहुतेक गोळ्या सुरू झाल्यावर. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. "सवय लागेल" म्हणून दहाव्या दिवशी गोळी बंद करतात, इथेच घात होतो. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, मनाने सोडू नका. आणि अंगात थोडी हुशारी आली, पण मन अजून उदासच आहे, असे दिवस फार जपायचे. फवारणीच्या औषधांची पेटी परत घरी आणायची घाई नको. बरं वाटल्यावरही गोळ्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात.

घरचे देवस्थानाला न्यायचं म्हणतात त्यावरून आईशी भांडू नका. दर्शन घेऊ द्या, फक्त गोळ्या चालू राहू द्या आणि मारहाण, उपाशी ठेवणं असलं काही होऊ देऊ नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

भावजयीलाही रात्रभर एकटीने जागवू नका. आज चुलत्यांपैकी कोणी मुक्कामाला येईल का ते विचारा, आणि १४४१६ तिच्या फोनमध्येही साठवून द्या.