संकरित नेपियरला बी का धरत नाही?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. गाईंसाठी बाबांनी फुले जयवंत गवत लावलंय. त्याचं बी मिळत नाही, दरवेळी कांड्याच आणाव्या लागतात. असं का? हे शिकायला कुठे जाऊ? घरचे म्हणतात, गवतात कसलं करिअर! – एक विद्यार्थिनी, सांगोला तालुका

उत्तर : घरच्यांचं नंतर बघू, आधी गवताचं. फुले जयवंत हा बाजरी आणि हत्ती गवत म्हणजेच नेपियर यांचा संकर. बाजरीत 14 गुणसूत्रं, हत्ती गवतात 28. दोघांकडून निम्मी आली, 7 आणि 14, झाली 21. परागकण आणि बीजांड घडताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. इथे साधारण सात जोड्या जमतात आणि सात जण एकटेच राहतात. म्हणून तुरा येतो, पण दाणा भरत नाही. कोल्चिसिन हे रसायन देऊन 21 ची 42 केली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि बी धरू लागतं. पण त्या बियांतून एकसारखी रोपं येत नाहीत. कांडीतून मात्र तेच झाड पुन्हा उभं राहतं.

लसूणघासाचं दुखणं वेगळं. त्याच्यात गुणसूत्रांचे चार संच असतात. स्वतःच्याच परागावर धरलेल्या बियांची पुढची पिढी मरतुकडी निघते, म्हणून दुसऱ्या झाडाचा पराग आणायला मधमाशी हवी. शिवाय चारा फुलोऱ्याच्या सुमारास कापायचा, म्हणजे निवड पानांसाठी, बियांसाठी नाही. मग बी पिकवणाऱ्याने काय करायचं? हाच तुझा विषय.

त्यासाठी एमएचटी-सीईटी देऊन बी.एस्सी. कृषी कर, मग एम.एस्सी.ला वनस्पती पैदास घे. फुले जयवंत ज्या राहुरी कृषी विद्यापीठाचं, तिथे चारा पिकांवर काम चालतं. झाशीला 1962 पासून भारतीय गवताळ कुरण आणि चारा संशोधन संस्था आहे. नुसतं ‘बायोटेक’ नाव ऐकून भुलू नकोस. ज्याला पीक ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतला आकडाही बोलत नाही.

आता घरच्यांचं. चारा पिकांत जागा थोड्याच, हे त्यांचं खरं आहे. पण नरवंध्य, म्हणजे ज्याचा पराग निकामी असतो असा, वाण वापरून संकरित बी कसं काढायचं, हे तू बाजरी-ज्वारीवर शिकशील, आणि त्याला जालन्याच्या बियाणे कंपन्यांत विचारणारे आहेत. चाऱ्याकडे पीएच.डी.ला वळलीस तरी चालेल.

तोवर लसूणघासाचा एक वाफा न कापता फुलू दे. दहा फुलोऱ्यांवर कळ्या असतानाच मलमलच्या पिशव्या बांध, दहा उघडे ठेव. शेंगा धरल्या की मोज आणि आकडे मला कळव.