थोर बँड कोणते? घराणं झालं का ते बघा

तुमचा प्रश्न असा: बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन, ईगल्स आणि ॲबा यांच्यापैकी खरोखर थोर म्हणून टिकायच्या लायकीचे कोण, आणि कोण नुसतं पन्नाशीतल्या लोकांच्या आठवणींवर जगतंय?

खपाचे आकडे आधीच बाजूला ठेवू या. ईगल्सच्या 1971 ते 1975च्या निवडक गाण्यांच्या संग्रहाला अमेरिकेत 2018 साली 3 कोटी 80 लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ 1988पर्यंत बिलबोर्डच्या यादीत सलग नसला तरी एकूण 741 आठवडे होता. पण त्यावरून लोकांना काय आवडलं एवढंच कळतं.

माझी कसोटी आपल्याच शास्त्रीय संगीतातली आहे. तीन पिढ्या गायकी चालली की मगच घराणं म्हणायचं, असं जुनी मंडळी सांगतात. बँडलाही तेच लावा. नक्कल करणारे मोजायचे नाहीत, ते सगळ्यांनाच मिळतात. तालीम त्यांची घेऊन ज्यांनी पुढे स्वतःचं काही मांडलं, तेवढे मोजायचे.

बीटल्सबद्दल वादच नको, पण कारण बहुतेक लोक सांगतात ते नाही. चाली गोड होत्या हे खरंच. गोड चाली त्या काळात इतरांकडेही होत्या. 11 फेब्रुवारी 1963ला या चौघांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात वाजवून संपवली. स्टेजवर वाजवतात तशी, उभ्या उभ्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, एप्रिल 1966मध्ये, लंडनच्या त्याच स्टुडिओत ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं ध्वनिमुद्रण झालं. टेपचे तुकडे कापून, टोकं चिकटवून गोल पट्ट्या केलेल्या. त्या पाच मशीनवर एकाच वेळी फिरतायत, आणि पट्टी सैल पडू नये म्हणून स्टुडिओतली माणसं पेन्सिलीत अडकवून ती ताणून धरतायत. बँडमधल्या जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. खाली अख्ख्या गाण्याला जवळजवळ एकच कॉर्ड, आणि सुरुवातीला चक्क तानपुरा. इंजिनिअर जेफ एमरिक तेव्हा वीस वर्षांचा होता. हे गाणं स्टेजवर वाजवणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे कायमचे बंद केले. स्टुडिओ हेच वाद्य, ही त्यांची गायकी. आज एखादी मुलगी घरात बसून लॅपटॉपवर आवाजाचे तुकडे जोडून गाणं करते, ती बीटल्स ऐकत नसली तरी त्याच घराण्यातली.

(जाता जाता: त्याच ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमवर ‘लव्ह यू टू’मध्ये तबला वाजवलाय अनिल भागवत यांनी, आणि त्यांचं नाव अल्बमच्या वेष्टनावर छापलेलं आहे. बीटल्सच्या बाबतीत बाहेरच्या वादकाला असा मान क्वचितच मिळाला. बीटल्स ऋषिकेशच्या आश्रमात राहिले त्या गोष्टी सगळे सांगतात, ही फारसं कोणी सांगत नाही.)

रोलिंग स्टोन्स संस्थापक नव्हेत. शिकागोच्या ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, घराण्याचे ते सगळ्यांत यशस्वी शागीर्द. बँडचं नावसुद्धा त्याच घराण्यातल्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेलं. साठ वर्षं रियाज न सोडता वाजवत राहणं ही मोठी गोष्ट आहे, पण ती वेगळी मोठी गोष्ट आहे.

लेड झेपेलिनबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. त्यांचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हेडफोन लावून ऐका, फक्त पहिली काही सेकंदं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याच्या दालनात मांडले होते आणि दोन माइक जिन्यावरून वर टांगले होते. त्यामुळे ड्रमच्या आवाजात अख्खा वाडा ऐकू येतो. 1971च्या त्या ठेक्याचा तुकडा 1986मध्ये अमेरिकेतल्या बीस्टी बॉइज या हिपहॉप गटाने आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याला लावला, आणि पुढे हिपहॉपवाल्यांनी तो किती वेळा वापरला याची गणतीच नाही. ड्रमचं घराणं म्हणाल तर शंभर टक्के. पण रचनेचं काय? हेच गाणं मुळात ब्लूज गाणाऱ्या मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, 1929चं. तिथे निदान मिनीचं नाव दिलं होतं. झेपेलिनच्याच ‘होल लॉटा लव्ह’साठी मात्र ब्लूजचा गीतकार विली डिक्सनला कोर्टात जावं लागलं, तेव्हा तडजोड होऊन त्याचं नाव लागलं. गुरूचं नाव न घेता त्याचीच चीज गाणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

फ्लॉइडबद्दल लिहायला बसलो तर उत्तर संपायचं नाही आणि खाली मारामारी होईल. पास आहेत, एवढंच.

आता क्वीन. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच द हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा, म्हणून आपण त्याला आपला म्हणतो. मीही म्हणतो. 13 जुलै 1985ला वेम्बलीत, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीतल्या त्या वीसेक मिनिटांत त्याने अख्खं स्टेडियम कसं खिशात घातलं ते बघून आजही अंगावर काटा येतो. पण क्वीनची गायकी पुढे कोणी चालवली? त्यांच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’सारखं दुसरं गाणं करायला जो गेला तो फसला. तुम्ही लगेच म्हणाल, मग कुमार गंधर्वांचं तरी कुठे घराणं झालं? बरोबर आहे. काही माणसं कसोटीत मावत नाहीत, आणि मर्क्युरी त्यांतला आहे. मात्र त्याच्यावरच्या 2018च्या सिनेमानंतर क्वीनला थेट बीटल्सच्या शेजारी बसवायची जी लाट आली, ती मला पटत नाही. गायक अद्वितीय, बँड उत्तम, इथे मी थांबतो.

ईगल्सना नापास करायचं हे मी आधीच ठरवून बसलो होतो. कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला कोणीतरी गिटार घेऊन त्यांचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सुरू करायचा आणि शेवटचा दोन गिटारींचा भाग आला की मित्राकडे बघून हसायचा, त्याचा तो राग आहे. पण 1993मध्ये नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या राजधानीतल्या, गायकांनी एकत्र येऊन ईगल्सच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, आणि आजचं कंट्री ऐकलं तर त्या आवाजांच्या मेळात ईगल्स स्वच्छ ऐकू येतात. तेव्हा माझ्याच कसोटीवर ते पास होतात. जिवावर येतं, पण होतात.

ॲबाला लोक हसतात. चमचमते कपडे, लग्नाच्या पार्टीतला नाच, आपल्याकडे तर बोनी एमच्या जोडीने एकाच कॅसेटवर. हसा, पण आधी ऐका. या स्वीडिश बँडचा इंजिनिअर मिकाएल ट्रेटोव टेपचा वेग किंचित बदलून त्याच ओळी पुन्हा गाऊन घ्यायचा. सूर केसभर सरकायचा, आणि दोन बायकांचा आवाज वीस बायकांचा वाटायचा. चाल इतकी सोपी की पोरंटोरं गुणगुणतील, खाली दुःख भरलेलं, आणि एकही मात्रा वाया नाही. ही स्टॉकहोमची शिस्त पुढे कुठे गेली? त्याच शहरातल्या मॅक्स मार्टिन या गीतकार-निर्मात्याकडे. 1998मध्ये ब्रिटनी स्पिअर्सचं पहिलं गाणं त्याचं, आणि 2025मध्ये टेलर स्विफ्टच्या अल्बमवरही तोच. पन्नास वर्षं जगाचं पॉप एका थंड शहराच्या तालमीत बनतंय. माझ्या यादीत ॲबा क्वीनच्या वर आहेत. शिव्या खाली घालाव्यात.

शेवटी तुमच्या यादीबद्दल एक तक्रार. ब्लॅक सॅबथ कुठे आहेत? बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या, म्हणजे त्यांच्या गिटारवादकाच्या, दोन बोटांची टोकं मशीनखाली तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. हेवी मेटलचा तो जड, काळा आवाज घडला त्यात या बोटांचा मोठा वाटा आहे. 5 जुलै 2025ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न वारायच्या सतरा दिवस आधी. सिंहासनावर बसून गात होता तो. त्याच्याआधी दिवसभर त्याच स्टेजवर 1981मध्ये सुरू झालेले मेटॅलिका होते, आणि त्यांच्या पाठीमागून आलेले फ्रान्सचे गोजिराही. गुरू, शिष्य, नातशिष्य एका दिवसात हजेरी लावून गेले. आपल्या मुंबईतला ‘भयानक मौत’ हा बँडही याच घराण्यातला. झेपेलिन राहू देत, पण स्टोन्सना एक घर खाली सरकवा आणि तिथे सॅबथना बसवा.