वडिलांच्या परवान्यावर मुलांची नावं?

प्रश्न थोडक्यात असा: वडील 73 वर्षांचे, पीकसंरक्षणासाठीच्या बंदुकीचा परवाना 1994 पासून त्यांच्याच नावावर. रानडुकरं मारायची वनखात्याची परवानगीही त्यांनाच मिळालेली. आता त्यांना रात्री दिसत नाही, म्हणून गेले दोन हंगाम बंदूक पत्र लिहिणारा मुलगाच घेऊन जातो. दोन्ही कागदांवर दोघा भावांची नावं चढवता येतील का?

केवळ घरचे म्हणून नाही. दर हंगामात अशी पत्रं येतात आणि प्रत्येकात ‘बंदूक घरचीच आहे’ हे वाक्य असतं. शस्त्र कायद्याच्या कलम 3 मध्ये परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याला बंदूक नेण्याची सवलत आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. तुम्ही चालवण्यासाठी नव्हे. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आहे. झाल्या हंगामांबद्दल इथे लिहीत बसू नका, वकिलाला समक्ष भेटा.

तुमच्यासाठी एक मार्ग आहे 2016 च्या शस्त्र नियमांतला नियम 25. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून, त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देता येतो. तुमच्या बाबतीत पंचवीस वर्षं 2019 मध्येच भरली! एवढी वर्षं अर्ज का केला नाही, हे मला खरंच कळत नाही. वडील हयात असताना, त्यांच्या सहीनं, दोघा भावांपैकी एकाचं नाव ठरवून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मात्र हा हक्क नाही, अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग आहे. पोलीस अहवाल विरोधात गेला तर काय होईल, ते आत्ता सांगता येत नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा, अपील करता येतं.

वनखात्याची परवानगी ही वेगळी बाब. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 खाली ती व्यक्तीला मिळते, कुटुंबाला नाही. बंदुकीचा परवाना हाती आल्यावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने नवा अर्ज द्या, सोबत सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडा.

वडिलांच्या परवान्याची मुदत कधी संपते, हे तुम्ही कळवलेलंच नाही. ती आजच बघा. संपली असेल तर कलम 21 प्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या.