मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर आणि किती तास? जायला साडेपाच आणि यायला साडेतेरा तास कसे दिसतात?

मुंबई विमानतळ ते हीथ्रो हे सरळ अंतर साधारण 7,200 किलोमीटर आहे. थेट विमान जाताना साडेनऊ ते दहा-सव्वादहा तास घेतं, येताना नऊच्या आसपास. तिकिटावर दिसणारे साडेपाच आणि साडेतेरा हे घड्याळातले आकडे आहेत, प्रवासाचे नव्हेत.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. समजा जूनमध्ये विमान दुपारी 1 ला मुंबईहून सुटून संध्याकाळी 6.30 ला लंडनला पोचतं. दिसतात साडेपाच तास. त्यात साडेचार मिळवा, दहा झाले. परतताना रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 10.30 ला मुंबई: साडेतेरातून साडेचार वजा, नऊ. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. जाणं ऑक्टोबर अखेरीच्या आधी आणि येणं नंतर असेल तर दोन्ही बाजूंना वेगळा फरक धरावा लागतो. इथे बरेच जण चुकतात आणि विमानतळावर घ्यायला येणारा माणूस तासभर ताटकळतो.

उरलेला एक तासाचा फरक वाऱ्याचा. विमान हवेच्या तुलनेत ताशी सुमारे 900 किलोमीटर जातं, पण त्या उंचीवरची हवा स्वतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते. वाटेत सरासरी ताशी 70 किलोमीटरचा वारा धरला तर जमिनीच्या हिशेबाने वेग जाताना 830, येताना 970. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरकस असतात.

आता 7,200 भागिले 900 म्हणजे आठच तास, मग बाकीचे कुठे जातात? काही वाऱ्यात, काही वळशात. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा: तो बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली; ब्रिटिश कंपन्यांना ती बंदी लागू नव्हती. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांचा वेळ सारखाच असेल असं धरू नका. मुंबईहून अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघता येतं, त्यामुळे दिल्लीच्या मानाने आपल्याला हा फटका कमी बसतो.

शिवाय वेळापत्रकातला कालावधी गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीकडे जाताना रांग लागते आणि हीथ्रोवर गर्दीच्या वेळी उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हा वेळ कंपन्या आधीच धरून ठेवतात, म्हणून विमान कधीकधी वीस मिनिटं लवकरही लागतं.

लंडनहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घेणार असाल तर मध्ये किमान चार तास ठेवा. इमिग्रेशन, सामान घेणं आणि पुन्हा चेक-इन हे सगळं तुम्हालाच करावं लागतं, आणि त्यासाठी ब्रिटनमध्ये प्रवेश करायचा असल्याने व्हिसाही आधी तपासा.