कॉलेजच्या दिवसांतली कोणती गोष्ट राहून गेली असं वाटतं? नव्या मुलांना काय सांगाल?

मी बारावीनंतर गावाकडून पुण्याला बीएस्सीला आलो. पहिली दोन वर्षं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही, याची खंत सगळ्यात मोठी. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी चुकलं तर सगळे हसतील ही धास्ती. तिसऱ्या वर्षी धीर करून तास संपल्यावर सरांना गाठलं आणि सरळ मराठीत विचारलं. त्यांनी अर्धा तास फळ्यावर समजावून सांगितलं. आधीची दोन वर्षं गप्प बसून घालवली याचं किती वाईट वाटलं तेव्हा! तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारा, मराठीत विचारा.

अभ्यास बुडेल म्हणून एनएसएसमध्येही (राष्ट्रीय सेवा योजनेत) गेलो नाही. वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, एवढंच तर असतं. जे मित्र गेले त्यांची शिबिरातली दोस्ती आजही टिकून आहे.

आणि शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या वेबसाइटवर अर्ज वेळेत भरा. उत्पन्नाचा दाखला सुट्टीतच काढून ठेवा. मी उशिरा धावपळ केली, एका वर्षाची शिष्यवृत्ती हुकली आणि वडिलांना फीसाठी उसने पैसे घ्यावे लागले. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही आजच बघून घ्या.