वाचकांचे प्रश्न : पॅकेट रेडिओच्या लॉगमधील कचरा

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यालगत, यंत्रमाग कारखान्यांच्या शेजारी माझे घर आहे. गच्चीवरील अँटेनाने मी १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडून येणारी हौशी रेडिओची पॅकेट (आवाजाच्या रूपात पाठवलेले मजकुराचे छोटे डिजिटल तुकडे) दिवसभर ध्वनिमुद्रित करतो. हा आवाज एमपी३ मध्ये साठवून, खरखर कमी करून, पुन्हा वेव्ह फाइल बनवून, आवाजातून पॅकेट उलगडून त्यांची नोंद (लॉग) ठेवणाऱ्या डायरवुल्फ या सॉफ्टवेअरला देतो. तरीही लॉगमध्ये निरर्थक ओळी येतात आणि खरी पॅकेट घटली आहेत. हा गोंगाट कसा गाळावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत. निरर्थक ओळींचा दोष यंत्रमागांना देता येणार नाही. सिग्नल नसताना कोणत्याही एफएम रिसीव्हरमधून जी फसफस येते, तिच्यातूनही डीकोडर (आवाजातून माहिती उलगडणारा भाग) बिट वाचतच राहतो, आणि पॅकेटची सीमा दाखवणारा ०११११११० हा आठ बिटांचा क्रम त्या फसफशीत योगायोगाने वारंवार तयार होतो. अशा दोन खुणांमधील मजकूर खरा की खोटा, हे ठरते शेवटच्या १६ बिटांच्या तपासणी बेरजेवरून (चेकसम). योगायोगाने ती जुळण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक इतकीच असते. त्यामुळे कचरा दिसू लागला, की ही चाळणी कोणीतरी सैल केली असावी असा माझा पहिला संशय असतो. डायरवुल्फच्या सेटिंगमध्ये ‘फिक्स बिट्स’ (चुकलेले बिट दुरुस्त करण्याची सोय) यापुढे ‘पासऑल’ लिहिलेले असेल तर ते काढा, कारण त्यामुळे बेरीज न जुळलेली पॅकेटही लॉगमध्ये जातात. एका बिटाची दुरुस्ती चालू ठेवणेही फुकटचे नाही : ६० बाइटांच्या पॅकेटमध्ये ४८० बिट असतात, आणि प्रत्येक बिट उलटवून पाहिला तर खोटी जुळणी होण्याची शक्यता सुमारे १३६ मध्ये एक इतकी वाढते. फिक्स बिट्स शून्य ठेवावे.

दुसरी चाळणी वेळेची आहे. स्थानक आपल्या क्षितिजावर एका फेरीत जास्तीत जास्त सुमारे दहा मिनिटे असते; त्याबाहेरच्या ओळी तपासण्याचेही कारण नाही. मात्र फक्त ‘व्हीयू’ने सुरू होणारी भारतीय संकेतनामे ठेवून बाकीची वगळू नका, कारण स्थानक एकाच वेळी अनेक देशांवर असते आणि शेजारी देशांतील हौशींची पॅकेटही ते आपल्यापर्यंत पोहोचवते.

खरी पॅकेट घटण्याचे मुख्य कारण मला आपल्या साफसफाईतच दिसते. येथे १२०० आणि २२०० हर्ट्‌झ या दोन सुरांनी माहिती जाते आणि सेकंदाला १२०० बिट, म्हणजे एका बिटाला ०.८३ मिलिसेकंद मिळतात. खरखर काढणारे सॉफ्टवेअर ४४,१०० च्या नमुनादरावर (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) २०४८ नमुन्यांचा तुकडा घेत असेल, तर तो ४६ मिलिसेकंदांचा, सुमारे ५५ बिटांचा होतो. कानाला सुखद वाटावे म्हणून केलेली ही झिलई बिटांच्या कडा बोथट करते, आणि एमपी३ही माणसाच्या कानासाठीच रचलेले आहे. म्हणून स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी सोय) उघडा ठेवून, रिसीव्हरच्या डेटा आउटपुटवरून, थेट वेव्हमध्ये मुद्रण करावे. डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर आवाजाची पातळी दाखवते. ती ५० च्या आसपास असावी. कंसातील दोन आकडे दोन सुरांचे असून त्यांत मोठी तफावत असेल, तर ध्वनीचा मार्ग सुरांचा तोल बिघडवतो आहे असे समजावे.

यंत्रमागांचे स्टार्टर, इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आणि स्वस्त एलईडी दिवे यांचा गोंगाट क्षीण सिग्नल गिळतो हे खरे, पण गिळलेले पॅकेट कोणतेही गाळण परत आणत नाही. तेथे अँटेना भिंतींपासून दूर नेणे आणि केबलवर फेराइट (गोंगाट अडवणारे चुंबकीय कडे) बसवणे हेच उपाय आहेत. प्रत्येक बदलानंतर तीच मूळ फाइल डायरवुल्फसोबत मिळणाऱ्या ‘एटेस्ट’ या चाचणी प्रोग्राममधून चालवून उलगडलेली पॅकेट मोजा. ४८,००० नमुनादराने, १६ बिटांत, एकाच वाहिनीवर केलेली दहा मिनिटांची फाइल सुमारे ५८ मेगाबाइटची होते. तेवढी जागा राखून ठेवा.