मोडी लिहायला घरी जुन्या पद्धतीची शाई करायची आहे. काय काय लागेल आणि पुण्यात ते कुठे मिळेल?

काजळीच्या शाईपासून सुरुवात करा. तिळाच्या तेलाचा दिवा लावून ज्योतीवर पितळी ताटली उपडी धरा आणि जमलेली काजळी खरवडून घ्या. बाभळीचा डिंक रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून गाळून घ्या. मग दोन्ही खलात घोटा. खरी मेहनत इथेच आहे. काजळी तेलकट असते, पाण्यात पटकन मिसळत नाही, म्हणून पाणी थेंबाथेंबानेच घाला आणि घाई अजिबात करू नका. डिंक कमी पडला तर वाळलेल्या अक्षरावरून बोट फिरवताच काळं लागतं. जास्त झाला तर शाई बोरूच्या लेखणीतून उतरत नाही. काजळी म्हणजे कार्बन, त्यामुळे उन्हाने रंग उडत नाही. ओल मात्र सांभाळा, डिंक विरघळतो.

दुसरी शाई हिरडा आणि हिराकशीची (हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार). हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि हिराकशीतलं लोह मिळून काळा रंग येतो, हवेत तो आणखी गडद होतो. पण ती आम्लधर्मी असते, काळाने कागद खाते. जपून ठेवायच्या लेखनाला मी ती वापरणार नाही.

डिंक आणि हिरडा पेठांमधल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात, हिराकशीचीही तिथेच चौकशी करा. लाल शाईसाठी हिंगूळ घरी खलू नका, त्यात पारा असतो. आणि यातली कुठलीच शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन तुंबेल.